उणे तीस अंश सोसणारी वेल वसंतात का होरपळते?

हार्डी किवीच्या रोपाला बांधलेल्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एक आकडा ठळक छापलेला असतो: उणे ३० अंश सेल्सिअस. आकडा खरा आहे. पानं गाळून गाढ झोपलेली ही वेल एवढी थंडी सोसते. तरीही थंड मुलखात ती हौसेनं लावलेल्या कितीतरी जणांना वर्षामागून वर्षं एक फळ दिसत नाही. दोष ते हिवाळ्याला देतात. खरं नुकसान झालेलं असतं वसंतातल्या एखाद्या निरभ्र रात्री, पारा जेमतेम उणे दोनवर गेलेला असताना. हे एक नीट समजलं की जागा कुठली, खोड कसं जपायचं, मांडव किती भक्कम हवा, या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं आपोआप सापडायला लागतात.

आधी ही किवी कोणती, ते पाहू. सगळ्यांच्या ओळखीची तपकिरी, लव असलेली किवी म्हणजे ॲक्टिनिडिया डेलिसिओसा. उणे १२-१५ अंशांच्या खाली तिचा टिकाव लागणं कठीण. तिचीच बहीण ॲक्टिनिडिया अर्गुटा. हिची फळं मोठ्या द्राक्षाएवढी, ५ ते १५ ग्रॅम वजनाची, आणि साल अगदी गुळगुळीत. सोलायचं काम नाही, अख्खं फळ तोंडात टाकायचं. जपान, कोरिया, उत्तर चीन आणि रशियाचा अतिपूर्वेचा भाग हे तिचं माहेर. जपानीत तिला सारुनाशी म्हणतात, म्हणजे माकडाचं नाशपाती. कोरियन भाषेत तिचं नाव ‘दारे’. तिसरी बहीण ॲक्टिनिडिया कोलोमिक्टा आणखी काटक आहे, उणे ३५-४० अंशांपर्यंत तग धरते. तिचं फळ थोडं लहान असतं आणि लवकर, ऑगस्टातच पिकतं. रशियात फळझाडांचे नवे वाण घडवणारे मिचुरिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिच्याच वाणांवर काम केलं. हार्डी किवी म्हणून रोपवाटिकांत विकल्या जातात त्या मुख्यतः या दोघी, आणि फळाला किवीबेरी हेही नाव आता रुळलं आहे.

अमेरिकेत अर्गुटाचं बी पोहोचून दीडशे वर्षं होत आली. जपानमधल्या साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात १८७६-७७ साली काम केलेल्या विल्यम क्लार्क यांनी ते मॅसॅच्युसेट्सला पाठवलं. नंतर कित्येक दशकं ही वेल व्हरांड्यावर सावली धरण्यासाठी लावली जात होती आणि पानांआडच्या हिरव्या फळांकडे फारसं कुणी बघत नव्हतं.

झोप आणि जाग

उणे तीसमध्ये जिवंत राहायचं म्हणजे नेमकं काय होतं? शरद ऋतूत दिवस लहान होतात, थंडी हळूहळू वाढते, तशी वेल तयारीला लागते. पिष्टाची साखर करते, पेशींतलं पाणी कमी करते. कडाका पडला की बर्फ आधी पेशींच्या बाहेरच्या फटींत धरतो आणि आतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आक्रसते, आतला रस दाट होतो, आणि दाट रस सहज गोठत नाही. पेशीचं आवरण फाटलं नाही म्हणजे वेल वाचली.

ही अवस्था कायमची नसते. हिवाळ्यात वेल थंडीचे तास मोजत असते. पुरेसे तास भरेपर्यंत मध्येच चार ऊबदार दिवस आले तरी ती डोळे उघडत नाही. तास भरले की मात्र तिची खरी झोप संपते. पुढे ती पडून असते ती बाहेर गारठा आहे म्हणून. मग आठवडाभर उबारा मिळाला की डोळे, म्हणजे काडीवरचे अंकुर, फुगतात, आणि काही आठवड्यांत वीतभर लुसलुशीत फूट बाहेर येते. या कोवळ्या फुटीच्या पेशी पाण्यानं टच्च भरलेल्या असतात. ना साखर साठलेली, ना पाणी कमी केलेलं. उणे दोनच्या आसपास अर्धा तास गेला तरी तिचा निकाल लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढलं की ती फूट उकडलेल्या पालेभाजीसारखी काळपट, लिबलिबीत होऊन खाली लोंबते.

वेल मरत नाही. शेजारचे राखीव डोळे फुटतात आणि महिनाभरात ती पुन्हा हिरवीगार दिसते. म्हणूनच तर गैरसमज होतो. कारण कळ्या असतात पहिल्या फुटीवर. दुसऱ्या फुटीवर फुलं क्वचितच येतात. वेल धडधाकट, पानं भरघोस, फळ नाही. मालक खत घालत राहतो आणि वेल आणखी पानं काढत राहते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ही मुळात जंगलातली वेल, उंच झाडांवर चढणारी. निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात, पण डोक्यावर फांद्यांचं छत असलं की ती बरीचशी तिथल्या तिथे अडते. आपण तिला उघड्यावर, तारांच्या मांडवावर आणतो तेव्हा हे पांघरूण काढून घेतो. ती लवकर जागी होते ती तिच्या जंगलाच्या हिशेबानं, आणि गारठते आपल्या बागेत.

जागा निवडताना

थंड हवा जड असते. रात्री ती पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागेत साठते. तिच्या वाटेत भिंत किंवा दाट कुंपण आलं, तर त्याच्या वरच्या अंगालाही तुंबते. म्हणून खोलगट भागात ही वेल लावूच नये. उताराच्या मधल्या पट्ट्यात, जिथून थंड हवेला खाली निसटायला वाट आहे तिथे लावावी. पहाटे दव कुठे पांढरं होऊन गोठतं आणि कुठे नुसतं ओलं राहतं, हे एक वसंत पाहून ठेवलं तर रोप लावण्याआधीच अर्धं काम होतं.

दुसरी गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो. थंड प्रदेशात माणूस साहजिकच ऊबदार कोपरा शोधतो. उत्तर गोलार्धात तो कोपरा म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचा पायथा. या वेलीसाठी तो कोपरा धोक्याचा आहे. तिथे ती आठवडाभर आधी जागी होते, आणि तेवढाच वेळ कोवळी फूट थंडीच्या तोंडी राहते. उत्तरेचा किंवा पूर्वेचा सौम्य उतार, जिथे जमीन उशिरा तापते, तो बरा. फळ पिकायला मात्र पुढे ऊन लागतं, त्यामुळे दाट सावलीही नको. कोलोमिक्टाला अर्ध्या दिवसाची सावली मानवते, अर्गुटाला उन्हात अधिक फळं येतात. अर्गुटाचं फळ वेलीवर तयार होण्यासाठी गोठणविरहित असे सुमारे १५० दिवस हाताशी हवेत. तेवढे नसतील तर हट्ट न करता कोलोमिक्टा लावावी.

जमीन निचऱ्याची हवी, आणि यात तडजोड नाही. मुळाशी पाणी साचलं की मूळकूज धरते, आणि ती धरलेली वेल वाचवणं फार अवघड. भारी जमीन असेल तर उंच वरंब्यावर लावा. माती किंचित आम्लधर्मी, सामू (pH) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान. मुळं वरच्या थरात पसरतात, त्यामुळे उन्हाळ्यात पाण्याचा ताण लगेच जाणवतो. पालापाचोळ्याचं आच्छादन उपयोगी पडतं. रासायनिक खताचा मोठा हात या मुळांना जाळतो.

एवढं करूनही गारठ्याची रात्र येणारच. दोन-चार वेली असतील तर मांडवावर कापड टाकून ते जमिनीपर्यंत आणायचं, म्हणजे जमिनीची ऊब आत कोंडून राहते. कापड नुसतं वेलीला गुंडाळून खाली बांधलं तर ती ऊब मिळतच नाही. मोठ्या बागांत वरून पाण्याचे तुषार सोडतात. ऐकायला हे उलटं वाटतं, पण एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकतं. पाणी सतत गोठत राहिलं की त्या उष्णतेनं फूट शून्याच्या आसपास टिकून राहते. यात ‘सतत’ हा शब्द विसरायचा नाही. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन उडालं, तर जाताना ते सातपटींहून जास्त उष्णता ओढून नेतं. म्हणून कोरडा वारा सुटला असेल, किंवा पहाटे बर्फ वितळायच्या आत तुषार बंद केले, तर काहीच न करण्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

पहिली तीन वर्षं

मोठ्या वेलीच्या खोडाला जाड साल असते. पहिल्या दोन-तीन वर्षांचं खोड बोटाएवढं, पातळ सालीचं. हिवाळ्यात दुपारी कलतं ऊन नैर्ऋत्येकडून त्यावर पडतं, त्या बाजूची साल तापते आणि आतल्या पेशी सैलावतात. सूर्य मावळला की तापमान झपाट्यानं उतरतं आणि साल उभी तडकते. कित्येक तरुण वेली अशा तडकून जमिनीपर्यंत वाळतात. उपाय साधा आहे: खोडाला पांढरा रंग द्यायचा, किंवा गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर नैर्ऋत्येला एक फळी रोवायची. बुंध्याशी मातीची भर घातली तर वरचं सगळं गेलं तरी खालचे डोळे शाबूत राहतात. मी तर दोन खोडं वाढवावीत असं म्हणेन. एक गेलं तर दुसऱ्यावर मांडव उभा राहतो.

इथे रोप घेतानाचा एक मुद्दा येतो. छाट कलमापासून, म्हणजे फांदी थेट मुळावून केलेलं रोप घ्यावं. ते जमिनीलगत मेलं तरी बुंध्यातून फुटणारी वेल तीच असते. खुंटावर, म्हणजे दुसऱ्याच रोपाच्या मुळावर, बांधलेल्या कलमाचा वरचा भाग मेला तर खालून येतो तो खुंट, त्याचा वाण वेगळा आणि कधी लिंगही वेगळं. चार वर्षं वाढवलेली मादी अशी नर होऊन बसू शकते. बियांपासून केलेल्या रोपाबाबत तर फुलं येईपर्यंत, म्हणजे काही वर्षं, ती नर की मादी हेच समजत नाही.

रोप हातभर असेल तर पहिला हिवाळा कुंडीतच, न तापवलेल्या पण फार न गोठणाऱ्या खोलीत काढू द्यावा. जमिनीत लावल्यावर मध्य उन्हाळ्यानंतर नत्र द्यायचं नाही. उशिरापर्यंत वाढणारी काडी पिकत नाही, म्हणजे तपकिरी आणि टणक होत नाही, आणि हिरवी राहिलेली काडी पहिल्याच कडाक्यात जाते. तो उणे तीसचा आकडा पिकलेल्या काडीचा आहे, हिरव्या काडीला तो लागू नाही.

आणि मांजरं. कोलोमिक्टाच्या पानांचा, मुळांचा वास त्यांना वेड लावतो. याच कुळातल्या पॉलिगामा या वेलीवर जपानमध्ये झालेल्या संशोधनातून २०२१ साली असं दिसलं, की मांजरं पानांवर अंग घासतात तेव्हा पानांतला नेपेटालॅक्टॉल त्यांच्या केसांना लागतो आणि त्यामुळे डास दूर राहतात. मांजराचा त्यात फायदा आहे, कोवळ्या रोपाचा नाही. रोपाभोवती तारेची जाळी पहिल्या दिवशीच लावा.

नर, मादी आणि मधमाशी

या वेलीत नर आणि मादी वेगवेगळ्या. फूल हातात घेऊन पाहिलं तर फरक लगेच कळतो. अर्गुटाचं फूल पांढरं, मंद सुवासाचं, परागकोश जांभळट काळे. मादी फुलाच्या मधोमध हिरवी, बाटलीसारखी बीजकोशाची गाठ असते आणि तिच्या माथ्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या पांढऱ्या कुक्षींचं, म्हणजे पराग झेलणाऱ्या टोकांचं, वर्तुळ. नर फुलात मधे ही गाठ नसतेच, नुसती पुंकेसरांची गर्दी. मादी फुलातही पुंकेसर असतात, त्यामुळे नवखा माणूस फसतो. पण त्यांचे पराग निकामी असतात.

सहा ते आठ माद्यांना एक नर पुरतो. फुलांत मध नाही, मधमाश्या केवळ परागासाठी येतात, आणि शेजारी मधानं भरलेलं दुसरं काही फुललं असेल तर तिकडे वळतात. म्हणून नर जवळ हवा, दहा-पंधरा मीटरच्या आत. नर आणि मादी एकाच वेळी फुलणारे हवेत. कोलोमिक्टा आधी फुलते, तिला अर्गुटाच्या नराचा भरवसा नाही. तिचा नर तिच्याच जातीचा घ्या. ‘इस्साई’ हा जपानी वाण एकटा लावला तरी फळतो, म्हणून तो फार खपतो. पण त्याची वाढ कमजोर आहे आणि थंडी सोसण्यात तो इतर अर्गुटांच्या मागे आहे. जागा छोटी आणि हिवाळा बेताचा असेल तर ठीक. कडक थंडीत ‘अनानास्नाया’ किंवा ‘जिनेव्हा’सारखी मादी आणि सोबत एक नर, हेच मी सुचवेन.

मांडव आणि छाटणी

जपानच्या तोकुशिमा प्रांतात इया खोऱ्यात वेलींचा एक पूल आहे. सुमारे ४५ मीटर लांब, नदीपासून १४ मीटर उंच, दर तीन वर्षांनी नव्यानं बांधला जाणारा. आता सुरक्षेसाठी आत पोलादी दोर असतात, पण ज्या वेलींनी तो विणतात त्या अर्गुटाच्याच. ज्या वेलीवरून माणसं नदी ओलांडत आली, तिला बाजारातली कुंड्यांची नाजूक जाळी काय पुरणार? मोठी वेल एका हंगामात सहा-सहा मीटर फूट काढते आणि चांगल्या वर्षी २० ते ४० किलो फळ धरते. त्यावर गारठ्याच्या रात्री तुषारांचा बर्फ चढला तर वजन आणखी वाढतं. इंग्रजी टी अक्षरासारखे खांब, जमिनीवर पावणेदोन-दोन मीटर उंच, आडवा हात दीड मीटरच्या वर आणि त्यावर ताणलेल्या तीन ते पाच जाड तारा, हा रुळलेला मांडव. टोकांचे खांब ताण देऊन पक्के करा. दोन वेलींत तीन ते साडेचार मीटर अंतर ठेवा.

छाटणीसाठी द्राक्षबागेतले शब्द इथे चपखल बसतात. एक खोड सरळ तारेपर्यंत न्यायचं, वर त्याचे दोन ओलांडे, म्हणजे कायमचे आडवे हात, मधल्या तारेवर दोन्ही बाजूंना पसरायचे. ओलांड्यांवरून काड्या निघतात. फळ येतं ते चालू वर्षीच्या फुटीवर, पण ती फूट गेल्या वर्षीच्या काडीवरून निघालेली हवी. जुन्या लाकडातून थेट उसळलेली जोमदार फूट त्या वर्षी सहसा फळत नाही. एवढं कळलं की कात्री कुठे चालवायची हे वेल स्वतःच सांगते. फळून गेलेली काडी काढायची, तिच्या जागी ओलांड्यापासून निघालेली, उन्हात वाढलेली, पिकलेली नवी काडी ठेवायची. दोन काड्यांत वीतभर अंतर. बाकी सगळं काढायचं. म्हणजे किती? गेल्या वर्षीच्या वाढीचा जवळजवळ ७० टक्के भाग. पहिल्यांदा एवढं कापताना हात थरथरतो. पण न छाटलेली वेल दोन वर्षांत गुंताड होते, आतल्या काड्यांना ऊन मिळत नाही, त्या पिकत नाहीत आणि थंडीत आधी त्याच जातात.

काडी जवळून पाहिली तर तिचे डोळे दिसतच नाहीत. पान गळाल्याच्या खुणेवर साल फुगलेली असते आणि डोळा तिच्या आत दडलेला, फार तर टोकाशी एक बारीक छिद्र. काडी उभी चिरली तर आत तपकिरी भेंड असतं, शिडीच्या पायऱ्यांसारखं कप्प्याकप्प्यांचं. छाटणी हे डोळे फुगण्याआधी, हिवाळा सरत असताना उरकायची. रस चढल्यावर कापलं तर कापाच्या तोंडातून दिवसेंदिवस पाणी ठिबकत राहतं. नराची मोठी छाटणी मात्र फुलं संपल्यावर लगेच करायची, कारण त्याचं वर्षाचं काम तेव्हा झालेलं असतं. उन्हाळ्यात दोन-तीनदा लांबलेले शेंडे आणि बगलफूट काढावी लागते.

छाटणीकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स गावाजवळच्या जंगलात दिसलं. बागेतून निसटलेल्या अर्गुटानं तिथली झाडं अक्षरशः झाकून टाकली. जवळ ओलसर जंगल असेल तर ही वेल लावायची की नाही याचा आधी गंभीरपणे विचार करा, तिथले नियम तपासा, आणि लावलीच तर फळ पक्ष्यांसाठी सोडू नका.

फळ

लावल्यापासून पहिलं फळ तीन ते पाच वर्षांनी. भर येतो सात-आठ वर्षांनी. सप्टेंबरात अर्गुटाची फळं पूर्ण आकाराची पण कडक असतात. एक आडवं कापून पाहावं. मधे पांढरट गाभा, त्याभोवती किरणांसारखे हिरवे पट्टे आणि बियांचं कडं. बिया काळ्या झाल्या असतील तर फळ तोडायजोगं होत आलं आहे. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं उपकरण, असेल तर रसाचा एक थेंब त्यावर ठेवा. साखर साडेसहा ते आठ ब्रिक्स (म्हणजे साधारण तेवढे टक्के) झाली की मोठे बागाईतदार तोडणी करतात आणि शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. तशी ती महिना-दोन महिने टिकतात आणि बाहेर काढल्यावर काही दिवसांत मऊ होतात. वेलीवर पिकू दिली तर सगळी एकदम पिकत नाहीत, आज एक, उद्या दोन, आणि पिकलेली लगेच गळतात. घरासाठी सोपा मार्ग असा: पहिली दोन-चार मऊ झाली की बाकीची कडक असतानाच उतरवायची, शीतकपाटात ठेवायची आणि लागतील तशी मूठभर बाहेर काढायची.

फळात ॲक्टिनिडिन नावाचा विकर (एन्झाइम) असतो. तो प्रथिनं तोडतो, त्यामुळे कच्चा गर दुधात घालून ठेवला की थोड्या वेळानं दूध कडवट होतं आणि जिलेटीन घट्ट बसत नाही. किवीची ॲलर्जी असलेल्यांनी हे फळही टाळावं. बाकीच्यांनी ते थोडं सुरकुतेपर्यंत थांबावं. टवटवीत, तुकतुकीत दिसतं तेव्हा ते अजून आंबट असतं. साल किंचित सैल पडली, रंग मळकट झाला आणि बोटानं दाबलं की आत गेलं, म्हणजे साखर वीस ब्रिक्सच्या आसपास पोहोचलेली असते. तेव्हा ते खावं.